पट्ट्याचा रंग आणि टोंगळ्याचे दुखणे

धंतोलीत डॉक्टरांची कमतरता नाही. हाडांचे, मुलांचे, डोळ्यांचे, हृदयाचे, सगळ्यांच्या पाट्या एकाच गल्लीत सापडतात. तरीही पुष्कळ पालक आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे येतात आणि मग पुढे जातात. अशाच एक बाई गेल्या महिन्यात मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. मुलगा अकरा वर्षांचा, सहावीत शिकणारा.

"डॉक्टरसाहेब, याचा टोंगळा दुखतो. जिना चढताना रडतो. येत्या रविवारी याची ग्रीन बेल्टची परीक्षा आहे. तेवढ्यापुरतं एखादं इंजेक्शन द्या, मग तुम्ही म्हणाल तितके दिवस आराम करवते."

मी मुलाला तपासले. वाटीच्या खाली, नडगीच्या हाडाला जिथे मांडीच्या स्नायूची दोरी चिकटते, तिथे थोडा उंचवटा आला होता. त्यावर बोट टेकवताच पोराने पाय झटकला. वर्गात उशिरा आल्याची शिक्षा म्हणून बेडूकउड्या माराव्या लागत, एकेका दिवशी शंभर-दीडशे, असे त्याने सांगितले. मी म्हटले, "बाळा, दुसऱ्या पायावर उभा राहून दाखव." दुखऱ्या नव्हे, चांगल्या पायावर. दहा आकडे मोजायच्या आत तो डगमगला. मग मी त्याला मूठ करून दाखवायला सांगितले. त्याने मोठ्या ऐटीत मूठ वळली आणि अंगठा चार बोटांच्या आत घातला.

ज्यांनी कराटे कधी केले नाही त्यांच्यासाठी सांगतो. मूठ वळताना अंगठा बाहेर, दुमडलेल्या बोटांवर ठेवायचा असतो. हा पहिल्या दिवसाचा धडा. अंगठा आत ठेवून कोणी खरोखर ठोसा मारला, तर समोरच्याला लागण्याआधी स्वतःचाच अंगठा मोडण्याची भीती. या मुलाने नऊ महिन्यांत तीन पट्टे मिळविले होते, प्रत्येक पट्ट्याची फी भरली होती, आणि त्याची मूठ अजून पहिल्या दिवसापर्यंतही पोचली नव्हती.

मी इंजेक्शन दिले नाही. बाई नाराज झाल्या. "फी भरून झाली आहे हो," एवढेच म्हणाल्या.

या प्रसंगानंतर हा विषय सदरात घ्यायचे ठरविले. कारण उन्हाळ्याची सुटी जवळ आली की वर्तमानपत्राच्या घडीतून शिबिरांची पत्रके पडू लागतात आणि "मुलाला कराटेला घालू का?" हा प्रश्न दवाखान्यात हमखास येतो. माझे उत्तर सरळ आहे. जरूर घाला, मुलीला तर नक्की घाला. पण पट्ट्यासाठी घालू नका. जो वर्ग तुमच्या मुलाला लवकर पुढे ढकलतो तो वर्ग सोडा, आणि जो थांबवून ठेवतो त्यावर विश्वास ठेवा.

अशक्त मुलाची विद्या

कराटे ही दांडग्या पोरांची मारामारी आहे असा आपल्याकडे समज आहे. तो बराचसा सिनेमाने करून दिला. १९७३ साली आलेल्या 'एंटर द ड्रॅगन'नंतर गावोगावची मुले हात हवेत फिरवू लागली. प्रत्यक्षात या विद्येचा आधुनिक इतिहास एका अशक्त मुलापासून सुरू होतो. गिचिन फुनाकोशी यांचा जन्म १८६८ साली जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटावर झाला. लहानपणी ते इतके किरकोळ आणि आजारी असत की घरच्यांना त्यांची काळजी वाटे. अझातो नावाच्या गुरूंकडे ते रात्री शिकायला जाऊ लागले आणि काही वर्षांनी आपली प्रकृती सुधारल्याचे त्यांच्या लक्षात आले. पुढे ते शाळामास्तर झाले. १९२२ साली टोकियोत त्यांनी प्रात्यक्षिक दाखविले, तिथून कराटे जपानभर पसरले. ते १९५७ साली वारले, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे जगले.

त्यांचे दुसरे गुरू इतोसू यांनी १९०१ च्या सुमारास ओकिनावाच्या शाळेत कराटे आणले. मुलांना झेपतील असे सोपे क्रम त्यांनी बसविले आणि १९०८ साली शिक्षणखात्याला पत्र लिहून या विद्येचा शरीराला होणारा उपयोग समजावून सांगितला. म्हणजे शाळेत कराटे आले ते मुलांचे शरीर सुधारावे म्हणून.

आता या गुरूंची शिकविण्याची रीत पाहा. ठरावीक हालचालींच्या क्रमाला 'काता' म्हणतात. फुनाकोशींना एकाच कुळातले तीन काता शिकायला दहा वर्षे लागली. गुरू अंगणात बसून पाहत आणि समाधान होईपर्यंत पुढचा शिकवीत नसत. रंगीत पट्टे तेव्हा नव्हतेच. पट्ट्याची पद्धत मूळची ज्युदोची. फुनाकोशींनी ती उचलली आणि कराटेतले पहिले काळे पट्टे १९२४ साली दिले. या पहिल्या काळ्या पट्ट्याला जपानीत 'शोदान' म्हणतात, त्याचा अर्थच मुळी 'सुरुवातीची पायरी' असा आहे. आपल्याकडे मात्र काळा पट्टा मिळाला की पेढे वाटून वर्ग सोडून देतात!

हे आपल्याला परके वाटू नये. विदर्भाला व्यायामाची मोठी परंपरा आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. त्यांच्या खेळाडूंनी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसारखे आपले खेळ जगाला दाखविले. आपल्या तालमीतला वस्तादही नव्या पोराला पहिल्या दिवशी डाव शिकवीत नाही. आधी आखाडा खणायला लावतो, माती चाळायला लावतो, बैठका काढून घेतो. त्या खणण्यातच खांदे आणि कंबर तयार होते. ओकिनावाचा गुरू आणि आपला वस्ताद यांची भाषा वेगळी, पण रीत एक.

शरीराला काय मिळते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल असा व्यायाम करावा, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम त्यात असावा. शाळा, शिकवणी आणि मोबाईल यांत आपल्या मुलांची ही ६० मिनिटे हरवली आहेत. धंतोलीच्या गल्ल्यांत तर पार्किंगमुळे चेंडू टाकायलाही जागा नाही. आठवड्यातून तीन दिवसांच्या तासाभराच्या वर्गाने ही गरज पूर्ण भागत नाही, हे खरे. बाकीचे दिवस मुलाने खेळायलाच हवे. तरी पारंपरिक पद्धतीचा चांगला वर्ग तीन गोष्टी देतो, ज्या नुसत्या धावण्याने मिळत नाहीत.

पहिली, तोल. पाय रुंद टाकून, गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून सावकाश पुढे-मागे चालणे हा या विद्येचा पाया. दिसायला अगदी कंटाळवाणे. पण त्यात मांड्या, कंबर आणि घोटे यांना एकत्र काम करायची सवय लागते. दुसरी, डावी-उजवी बाजू. क्रिकेट खेळणारा मुलगा एकाच हाताने चेंडू फेकतो. कराटेत मात्र दोन्ही बाजूंना सारखे काम पडते. तिसरी, श्वास. ठोसा मारताना श्वास सोडायचा असतो, ती मोठी आरोळी त्यासाठीच. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम वाढतो.

हे तिन्ही फायदे पुन्हा पुन्हा तेच केल्याने मिळतात. दर तीन महिन्यांनी परीक्षा असली की मुलगा परीक्षेचा क्रम पाठ करतो, जसा आपण धडा न समजता पाठ करीत होतो. क्रम लक्षात राहतो, पण तोल येत नाही. मग न तयार झालेल्या पायांवर उंच लाथा आणि उड्यांचा भार पडतो आणि टोंगळा दुखू लागतो.

वर्ग निवडताना

फी विचारण्याआधी एक दिवस वर्गाच्या कडेला बसून पाहा. शिक्षक बसू देत नसतील तर तिथेच समजून घ्या. पाहताना या गोष्टींकडे लक्ष असू द्या.

पहिली दहा-पंधरा मिनिटे अंग मोकळे करण्यात जातात का? पाय फाकवताना कोणी मुलाच्या खांद्यावर किंवा मांडीवर बसून जोर तर देत नाही ना? असा जोर दिल्याने स्नायू लवचिक होत नाही, तो फाटतो. वाढत्या मुलांच्या हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चेची पट्टी असते. हाड तिथूनच वाढते आणि ताण पडला की दुखतेही तिथेच. त्या मुलाला झालेल्या त्रासाला वैद्यकात ऑस्गुड-श्लॅटर म्हणतात. उड्या कमी केल्या, बर्फ लावला, मांडीचे स्नायू सावकाश ताणायला शिकविले की तो बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरा होतो. पण बेडूकउड्यांची शिक्षा ही शिक्षा नव्हे, इजा आहे. कौले किंवा विटा फोडणे, मुठी कठीण करण्यासाठी फळीवर आपटणे हे मुलांसाठी पूर्ण वर्ज्य समजावे.

जोडीचा सराव कसा चालतो ते पाहा. डोक्यावर किंवा चेहऱ्यावर खरा फटका मारायला परवानगी असेल तर मुलाला तिथे ठेवू नका. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली मुलांसाठी फटका न लावता शिकविण्याच्या प्रकारांचीच शिफारस केली, आणि डोक्याला टोपी घातल्याने मेंदूला बसणारा हादरा टळतो याला पुरावा नाही असेही बजावले. डोक्याला मार लागून मूल गोंधळले, उलटी झाली, डोके दुखू लागले, तर त्या दिवशी सराव बंद आणि तडक दवाखाना.

हात आवरणे ही भित्रेपणाची खूण नव्हे, या विद्येचा तो कळस आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये, ७ ऑगस्ट २०२१ रोजी, पुरुषांच्या सर्वांत जड गटाची अंतिम लढत झाली. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४-१ असा पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहला इतकी जोरात लागली की तो बेशुद्ध पडला. पंचांनी हमेदीला बाद केले आणि आडव्या पडलेल्या माणसाला सुवर्णपदक मिळाले. पुष्कळांना हे विचित्र वाटले. मला ते फार शिकवून जाणारे वाटते. कारण या नियमानुसार ज्याला हात आवरता येत नाही, तो हरतो.

आणखी साध्या गोष्टी. जमीन स्वच्छ आहे का? सराव अनवाणी असतो, तेव्हा खिळे, काचा पाहा आणि मुलाचे धनुर्वाताचे इंजेक्शन वेळेवर झाले आहे ना ते तपासा. पोशाख प्रत्येक सरावानंतर धुतला पाहिजे, नाहीतर गजकर्ण घरभर फिरते. नखे कापलेली हवीत. आणि शेवटचे, गुरुजींना विचारा, "पहिला पट्टा किती दिवसांत मिळेल?" जे ठाम तारीख सांगतील त्यांच्यापेक्षा "ते मुलावर आहे" म्हणणारे बरे.

नागपूरचे ऊन आणि सिकलसेल

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. नवतपात तर संध्याकाळी सहालाही भिंती तापलेल्या असतात. अशा वेळी जाड सुती पोशाख घालून पत्र्याच्या छपराखाली सराव घेणे धोक्याचे आहे. उन्हाळ्यात सराव सकाळी सातच्या आत आटपावा. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी द्यावे. "सरावात पाणी मागायचे नाही" ही शिस्त नव्हे, अज्ञान आहे. घरून निघताना ताक किंवा पन्हे द्या. मुलाला चक्कर आली, बोलणे असंबद्ध झाले, अंग तापले, तर सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि लगेच दवाखान्यात न्या.

विदर्भातल्या पालकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे, ती म्हणजे सिकलसेल. आपल्या भागात हा आजार पुष्कळ घरांत आहे. यात लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पाणी कमी पडले, अति श्रम झाले, ताप आला की हाडांत, सांध्यांत, पोटात असह्य कळा येतात. ज्याच्या रक्तात एसएस पॅटर्न आहे त्या मुलाने डॉक्टरांना विचारून, बेताने, भरपूर पाणी पिऊनच व्यायाम करावा. एएस पॅटर्न म्हणजे नुसता वाहक. त्याला सहसा काही त्रास होत नाही आणि कोणताही खेळ वर्ज्य नाही. पण भर उन्हात दमछाक होईपर्यंत ताणणे त्यानेही टाळावे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. रक्ताची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. मुलाला कोणत्याही खेळाला घालण्याआधी ती एकदा करून घ्या. टोंगळा दुखणाऱ्या त्या मुलाचीही मी ती करून घेतली. सुदैवाने दोष निघाला नाही.

मुलींच्या आयांना

मुलींसाठी शाळांतून समग्र शिक्षा योजनेखाली तीन महिन्यांचे आत्मरक्षा प्रशिक्षण दिले जाते. चांगली गोष्ट आहे. पण तीन महिन्यांत फक्त ओळख होते. एवढ्यावर मुलीला "आता तू कोणालाही लोळवशील" असे सांगणे म्हणजे तिला खोटा धीर देणे. मोठ्याने ओरडणे, हात सोडवून घेणे, पळणे आणि घरी येऊन न लाजता सांगणे, हे तिला आधी यायला हवे. वर्षानुवर्षांच्या सरावाने जी येते ती ताठ मान आणि पक्की पावले. तिची खरी राखण तीच.

पाळी आहे म्हणून वर्ग बुडविण्याचे कारण नाही. फार दुखत असेल तरच विश्रांती. मात्र रक्ताकडे लक्ष द्या. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींना रक्तक्षय आढळला. मुलगी वर्गात लवकर दमते, धाप लागते, तर तिला आळशी म्हणण्याआधी हिमोग्लोबिन तपासा.

आणि आपण स्वतः?

आता थोडे स्वतःविषयी. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माझी साखर काठावर आली आणि कंबर धरू लागली. रुग्णांना रोज व्यायाम सांगणारा मी स्वतः दिवसभर खुर्चीत. एका शाळेच्या सभागृहात संध्याकाळी भरणाऱ्या वर्गात नाव घातले. गुरुजी वयाने माझ्याहून लहान. त्यांनी मला दोन महिने नुसते पुढे-मागे चालायला लावले. शेजारचा दहा वर्षांचा मुलगा गंभीरपणे सांगे, "काका, मागची टाच उचलू नका." तिसऱ्या महिन्यात मला वाटले, आता आपल्याला येते. गुरुजींचे लक्ष नाही असे पाहून उंच लाथ मारली आणि पोटरीत अशी चमक भरली की तीन आठवडे लंगडत दवाखाना केला. दोष सर्वस्वी माझा.

आज सहा वर्षे झाली. पट्टा हिरव्यावर आहे. साखर वाढलेली नाही, अर्थात खाण्यावरही ताबा ठेवला आहे. पण सगळ्यांत मोठी कमाई वेगळीच. आता पायजमा उभ्याने, भिंतीला न धरता घालता येतो. हसू नका. म्हातारपणी पडून खुब्याचे हाड मोडलेले किती रुग्ण अंथरुणाला खिळतात, ते मी रोज पाहतो.

चाळिशीनंतर सुरू करणाऱ्यांनी आधी रक्तदाब व साखर तपासावी. चालताना छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, तर हृदयाची तपासणी झाल्याशिवाय वर्गात जाऊ नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी आणि अनवाणी पायांना रोज तपासावे. ठोसे-लाथा कमरेच्या उंचीवरच ठेवाव्यात. श्वास कोंडू नये.

काही पालक म्हणतील, "डॉक्टर, पट्ट्याची आशा नसेल तर पोरे येतील तरी कशाला?" यात तथ्य आहे. लहान मुलाला बक्षीस हवे असते, त्यात गैर काही नाही. पण घरी आल्यावर आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो, हे आपल्या हातात आहे. "पुढचा बेल्ट कधी?" याऐवजी "आज काय जमले?" असे विचारून पाहा.

तो सहावीतला मुलगा त्या रविवारच्या परीक्षेला बसला नाही. सहा आठवड्यांनी आई त्याला पुन्हा दाखवायला घेऊन आल्या. टोंगळा बराच बरा होता. वर्ग बदलला होता. नव्या गुरुजींनी जुने पट्टे घरी ठेवायला सांगितले आणि पांढऱ्यापासून सुरुवात करविली. बाईंना अजून त्या फीची हळहळ होती. मी मुलाला म्हटले, "मूठ दाखव." त्याने सावकाश एकेक बोट दुमडले आणि शेवटी अंगठा बाहेरून ठेवला. मग न सांगताच एका पायावर उभा राहिला. मी मोजत गेलो. पस्तीसपर्यंत पोचलो तेव्हा बाहेर रुग्णांची रांग लागली होती, म्हणून मीच थांबलो.